खनिज जल : गुण, पृथक्करण आणि मूल्य



हिमाचल प्रदेशातील मणिकरण, बिहारमधील राजगीर, पश्चिम बंगालमधील बक्रेश्वर आणि ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी येथील उष्ण झऱ्यांकडे व्याधिमुक्तीच्या आशेने पिढ्यान्‌पिढ्या रीघ लागत आली आहे. या श्रद्धेची थट्टा करण्याचे कारण नाही. उष्ण पाण्यातील स्नानाने आखडलेल्या सांध्यांना आराम पडतो. परंतु त्या पाण्यात कोणती द्रव्ये आहेत आणि किती प्रमाणात, याचे उत्तर प्रयोगशाळाच देऊ शकते.

इंग्लंडमधील एप्सम गावाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील विहिरीचे कडवट पाणी रेचक म्हणून सतराव्या शतकात प्रसिद्धीस आले. नेहेमाया ग्रू यांनी ते पाणी आटवून मिळालेल्या क्षाराचे वर्णन १६९५ मध्ये प्रसिद्ध केले. तोच मॅग्नेशियम सल्फेट. गुण विहिरीत नसून क्षारात आहे, हे एकदा सिद्ध झाल्यावर तो क्षार अन्यत्रही तयार होऊ लागला. ज्या औषधासाठी प्रवासखर्च परवडणाऱ्यांनाच एप्समला जाता येई, ते पुडीत बांधून सामान्यांच्या घरी पोहोचले. पृथक्करणाने स्थानमाहात्म्याची मक्तेदारी संपविली. ज्ञानाचे आर्थिक मूल्य ते हेच.

तथापि पृथक्करणाचे दुसरे कार्य अधिक निकडीचे आहे. खडकांतून झिरपणारे पाणी उपकारक क्षारांबरोबर अपायकारक द्रव्येही आणते. बक्रेश्वरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेहून बरेच अधिक आढळले आहे. म्हणजे स्नानास सुखद असलेले पाणी पिण्यास योग्य असेलच, असे नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड प्रति लिटर १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. अन्य स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइड दीर्घकाळ पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात, पुढे हाडे ताठर होतात. भारतात या विकाराची नोंद १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास प्रांतात झाली. फ्लोराइडला रंग, वास वा चव नसते; त्यामुळे स्वच्छ दिसणाऱ्या विहिरीवर संशय घेण्यास काही कारणच उरत नाही.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘नलगोंडा’ पद्धतीत तुरटी व चुना वापरून फ्लोराइड कमी करता येते. पण उपाय करण्यापूर्वी दोष कळावा लागतो. हाडांत आलेली विकृती पूर्ववत होत नाही आणि काम करण्याची शक्ती गमावलेल्या शेतमजुराचे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. त्या तुलनेत पाण्याच्या तपासणीचा खर्च नगण्य आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातील महिलांना संचाच्या साहाय्याने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद झाली, ती याच कारणाने मोलाची.

भूगर्भातील घडामोडींबरोबर आणि ऋतुमानानुसार पाण्याचे गुणधर्म बदलतात. म्हणून एकदाच केलेली तपासणी पुरेशी नसते. झऱ्याची महती सांगणाऱ्या फलकाशेजारी त्याच्या ताज्या पृथक्करणाचा तक्ता, सामान्य माणसाला वाचता येईल अशा भाषेत, लागला पाहिजे. त्याने श्रद्धेला बाध येणार नाही. आरोग्याचे मात्र रक्षण होईल.