कोसोव्होचा पहिला मोसम

कोसोव्हो 2008 साली स्वतंत्र झाला, पण त्याच्या फुटबॉल संघाला फिफाचे सदस्यत्व मिळायला मे 2016 उजाडला. 2014 मध्ये हैतीशी मैत्रीपूर्ण सामना झाला, तोही राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताविना!

पहिला अधिकृत सामना 5 सप्टेंबर 2016 रोजी फिनलंडविरुद्ध, त्यांच्याच तुर्कू शहरात झाला. वालोन बेरिशा आधी नॉर्वेकडून खेळलेला. कोसोव्होकडून उतरण्याची परवानगी त्याला सामन्याच्या दिवशीच मिळाली, आणि त्यानेच पेनल्टीवर बरोबरीचा गोल मारला. 1-1. कोसोव्होचा हा पहिला गुण.

त्या मोसमातले पुढचे नऊही सामने संघ हरला. क्रोएशियाने तर सहा गोल चढवले. घरचे मैदान नियमांत बसत नव्हते, त्यामुळे 'घरचे' सामनेही शेजारच्या अल्बानियात, श्कोदरला खेळावे लागले. इतक्या अडचणींत मिळवलेला तो एक गुण मला फार मोलाचा वाटतो.

2018 मध्ये मात्र प्रिश्टिनाचे स्टेडियम सज्ज झाले. त्याला माजी खेळाडू आणि फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष, दिवंगत फादिल वोक्री यांचे नाव दिले गेले. त्या मोसमात नेशन्स लीगच्या गटात कोसोव्हो अपराजित राहिला. अखेरच्या सामन्यात आर्बर झेनेलीने हॅटट्रिक केली, अझरबैजानचा 4-0 असा पराभव झाला आणि कोसोव्होने गट जिंकला.