जुन्या ट्रकच्या इंजिनाचा जीर्णोद्धार



वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीवर बोलावे, इतिहासावर बोलावे. ट्रकच्या इंजिनावर कोण बोलतो, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण आजरा हे रस्त्यावरचे गाव आहे. संकेश्वर-गडहिंग्लजकडून येणारा रस्ता इथून आंबोलीला आणि खाली सावंतवाडीला जातो. ऊस, भात, चिरा, सिमेंट सारे या रस्त्याने जाते. शिवाय ट्रक हा पुष्कळ घरांत कर्ता पुरुष असतो. तो आजारी पडला की घरातली चूल मंदावते.

जुना ट्रक चढाला दमू लागला, की मालक गॅरेजात जाऊन म्हणतो, “मिस्त्री, इंजिन बांधायचंच आहे, तर जरा ताकद वाढवून द्या.” या एका वाक्याचा विचार आज करायचा आहे. माझे म्हणणे एवढेच, की अशा इंजिनाला बहुधा ताकद वाढवून नको असते. हरवलेली ताकद परत हवी असते. आणि या दोन कामांचे खर्च व परिणाम फार वेगळे आहेत.

टाटांनी जर्मनीच्या डायमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने १९५४ साली जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. त्याच घराण्यातले पुढचे इंजिन म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या तोंडी असलेले ‘सहाशे सत्त्याण्णव’. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, १२८ मिलिमीटर स्ट्रोक. म्हणजे एकूण पावणेसहा लिटरच्या आतबाहेर. उदाहरणाला हेच घेऊ.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-सतरा पट दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. तेव्हा सारे काही त्या दाबावर आहे. लायनर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या टोकाला, जिथे वरची रिंग क्षणभर थांबून मागे फिरते. तिथून हवा निसटते, दाब उतरतो, डिझेल उशिरा पेटते. जी उष्णता पिस्टन ढकलायची ती सायलेन्सरातून निघून जाते. समजा, लिटरला चार किलोमीटर जाणारी गाडी साडेतीनवर आली. दोनशे किलोमीटरच्या फेरीला पन्नास लिटरऐवजी सत्तावन्न लागले. हे सात लिटर कोणत्याही बिलात दिसत नाहीत; ते मालकाच्या घरखर्चातून जातात.

आता कोणी म्हणेल, बोअर वाढवून मोठे पिस्टन घातले की ताकद आलीच! गणित करून पाहा. ९७ मिलिमीटरचा बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवला, तर क्षेत्रफळ वाढते ते जेमतेम एक टक्का. शंभर अश्वशक्तीला एक घोडा, तोही म्हातारा! बोअरिंगचा फायदा मोठ्या पिस्टनात नाही, भोक पुन्हा गोल आणि सरळ होते यात आहे. क्रँक घासून बेअरिंगे बदलणे, व्हॉल्व्ह बसवणे ही कामे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांवर वेळ घालवीत नाही.

खरी गंमत पंपात आहे. एका वेळी एका सिलिंडरात जाणारे डिझेल ज्वारीच्या दाण्याएवढे असते, आणि हा दाणा भर वेगात मिनिटाला चौदाशे वेळा, ठरल्या क्षणी पडावा लागतो. सहांपैकी दोन सिलिंडरांना कमी आणि एकाला जास्त मिळाले, तर इंजिन थरथरते, तापते आणि तेल खाते. म्हणून पंप व नोझल टेस्ट बेंचवर लावून सहाही वाटे सारखे करून घेणे, हा खर्च वाचवू नये.

पण याच पंपाला एक स्क्रू असतो. तो थोडा फिरवला की डिझेल जास्त जाते आणि गाडी पहिल्या चढाला अशी उसळते, की मालक मिस्त्रीला चहा पाजतो. मात्र एक लिटर डिझेल पुरते जाळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. स्क्रू फिरवल्याने डिझेल वाढले. हवा कुठे वाढली? उरलेले काजळी होऊन निघते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच, तिथली हवा किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ. सावंतवाडीकडून चिरे भरून घाट चढणारा ट्रक वर येता येता काळा धूर का ओकतो, याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे बहुधा तुंबलेल्या एअर फिल्टरात आणि त्या स्क्रूत सापडते. धूर काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा असेल तर इंजिनचे तेल जळते आहे. पांढरा असेल तर डिझेल न पेटताच बाहेर येते आहे. एवढी नाडीपरीक्षा मालकालाही यावी.

हवा वाढवण्याचा सच्चा उपाय टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवायचे आणि त्या चक्राने हवा आत कोंबायची. आपल्या ‘सहाशे सत्त्याण्णव’लाही पुढे कंपनीनेच टर्बो जोडला. परंतु नुसता टर्बो नव्हे. वाढलेल्या उष्णतेला पिस्टन, तेल आणि पाणी पुरे पडेल अशी व्यवस्था करून. भंगारातला टर्बो आणून जुन्या पिस्टनांवर बसवणे म्हणजे मातीच्या भिंतीवर दुसरा मजला. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मनाला येईल तसा करता येत नाही. विमा कंपनी अपघातानंतर प्रथम तेच पाहते.

तेव्हा मिस्त्रीकडे गेल्यावर ताकद मागण्याआधी सहाही सिलिंडरांचा दाब मोजून कागदावर मागा. एखादाच उतरला असेल, तर कदाचित अख्खे इंजिन उघडायचीही गरज नाही. उघडलेच, तर जोडताना घेतलेली मापे लिहून घ्या आणि जुने भाग पाहायला मागा. नव्या रिंगा लायनरशी जुळेपर्यंत भार बेताचा ठेवा, पण इंजिन तासन्‌तास उभ्या जागी नुसते फिरवूही नका, कारण भाराशिवाय रिंगा नीट बसत नाहीत. त्यानंतर पहिले तेल लवकर बदला आणि उत्पादकाने सांगितले असेल तिथे हेडचे बोल्ट पुन्हा ठरल्या मापाने आवळून घ्या. मग चिरे भरायला खुशाल सावंतवाडीला पाठवा.