हाताच्या मुंग्या आणि ऑपरेशन

(पाचगणी येथे महिला गटांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्ट्रॉबेरीची तोडणी, वसतिगृहांतल्या पोळ्या, हॉटेलांच्या चादरी. पाचगणी चालते ती बायकांच्या मनगटांवर. मध्यरात्री हाताला मुंग्या येतात, हात झटकत बसावं लागतं, असं बायका सांगतात आणि लगेच 'वयच झालं' म्हणतात. अंगठा, त्याशेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर, पण करंगळी ठीक, असं असेल तर बहुधा मनगटातली नस दाबली जाते आहे. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. बायकांत तो पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो.

अमेरिकेतल्या डॉ. जॉर्ज फॅलन यांनी १९५० नंतर याचा मोठा अभ्यास केला. त्यांच्या रुग्णांत मध्यमवयीन गृहिणी जास्त. त्यावरून हा कष्टाच्या कामाचा आजार नव्हे, असं त्यांनी मानलं. म्हणजे धुणं-भांडी हे कष्टच नव्हेत!

ऑपरेशनची घाई नको. गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर जातो. थायरॉइड, साखर तपासा. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी काही आठवडे बांधून पाहा, स्टेरॉइडच्या इंजेक्शनचंही विचारा. पण बधिरपणा दिवसभर राहू लागला किंवा अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसू लागला, तर थांबू नका. वाळलेला स्नायू पुन्हा भरेलच असं नाही.

ऑपरेशनमध्ये नस कापत नाहीत, तिच्यावरचा जाड पट्टा कापून तिला जागा करून देतात. एक पद्धत तळहातावर छोटी चीर देऊन, बहुधा तेवढाच हात बधिर करून. त्याच दिवशी घरी येता येतं. दुसरी दुर्बिणीची. तिच्यात कामावर थोडं लवकर परतता येतं, पण खर्च जास्त, आणि वर्षभरानंतर आराम दोन्हींत सारखाच. म्हणून 'दुर्बीण म्हणजे चांगलं' या एका वाक्यावर कर्ज काढू नका.

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची; पण कणीक तिंबणं, चादरी पिळणं काही आठवडे बंद. पकड परत यायला दोन-तीन महिने लागू शकतात. हे आधीच घरात सांगा. शेतमजूर बाईला आजारपणाची पगारी रजा नाही, आणि घरातली रजा तर कुणालाच नाही. पावसाळ्यात तोडणी नसते, थांबण्यासारखं दुखणं असेल तर तेव्हा करून घ्यावं. दोन्ही हात दुखत असतील तर एका वेळी एकच. आणि त्या आठवड्यांत तिचं पाणी कोण भरणार, याच्या पाळ्या आपल्या गटांनी आत्ताच लावाव्यात.