राणोजींचे उज्जैन आणि आपला वॉर्ड
(नानाखेडा येथील गणेशोत्सवात झालेले भाषण)



राणोजी शिंद्यांनी उज्जैनला राजधानी केली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकाळाचे देऊळ पुन्हा उभारले. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण अनेक मराठी घराणी इथेच राहिली. हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मात्र जिल्ह्याची आजची ओळख करून देतो का?

माळव्याच्या काळ्या जमिनीतून आपली क्षिप्रा उत्तरेकडे वाहते आणि चंबळेला मिळते. इथून जवळच, त्रिवेणीला, खान नदी इंदूरचे सांडपाणी घेऊन तिच्यात मिसळते. मग पर्वस्नानासाठी नर्मदेचे पाणी आणावे लागते!

याचा जाब विचारायचा कुठे? खेड्यात ग्रामपंचायत, तिच्यावर जनपद पंचायत, म्हणजे महाराष्ट्रातली पंचायत समिती, आणि वर जिल्हा पंचायत. शहरात ५४ वॉर्डांचा नगर निगम. आरतीला आपण सगळे जमतो. पण आपल्या वॉर्डाच्या पार्षदाला नदीबद्दल कितीजणांनी विचारले आहे? शिंद्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी एवढे तरी करावे. विसर्जनाआधी पाच-दहा जण मिळून त्यांना भेटू या.

गणपती बाप्पा मोरया!