कोर्टांत भरलेला पैसा

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, हें सर्वच सांगतात. चढल्यावर उतरावें कसें, हें थोडेच सांगतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा चोविसावा आदेश अशी एक वाट दाखवितो.

समजा, कर्जाच्या १००० रुपयांच्या दाव्यांत प्रतिवादीनें, आपलें देणें एवढेंच म्हणून, ७०० रुपये कोर्टांत भरले. वादीला नोटीस पोंचतांच त्या सातशांवरील व्याज थांबतें, मग रक्कम अपुरी कां ठरेना! वादीनें पैसे उचलले, पण उरलेल्या तीनशांसाठीं दावा चालविला आणि कोर्टानें सातशेंच पुरे ठरविले, तर भरण्यानंतरचा खर्च वादीवर पडतो. फाजील मागणीमुळें आधीं झालेला खर्चहि त्याच्याच माथीं. सावकारांस हें जाचक वाटेल. मला रास्त वाटतें. मात्र तोंडी देकार येथें चालत नाहीं. रक्कम प्रत्यक्ष भरावी लागते.