जानेवारीची मुलं, डिसेंबरची मुलं

(हॉकी प्रशिक्षक आणि क्रीडाशिक्षकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षांचं भाषण लांबलं की मागच्या रांगा चहाच्या दिशेनं कशा सरकतात, हे मी मागच्या रांगेत बसूनच शिकले आहे. तेव्हा आभाराचं काम कार्यवाहांवर सोपवते आणि विषयाला हात घालते.

विषय एका यादीचा आहे. कनिष्ठ गटाच्या कुठल्याही स्पर्धेत ती आपल्या हातात येते. नाव, जन्मतारीख, उंची, वजन. सामन्याआधी आपण सगळे एकच करतो. समोरच्या संघाच्या उंचीवरून नजर फिरवतो आणि शेजारच्याला म्हणतो, "पोरं थोराड दिसतायत." मग आपल्या पोरांकडे काळजीनं बघतो. दोन संघांचं वय आणि अंगपिंड शेजारी मांडून बघण्यात काही गैर नाही, मीही तेच करते. पण त्या यादीतून खेळाडू जेवढे कळतात, त्याहून जास्त त्यांना निवडणारे कळतात, असं माझं ठाम मत आहे. आज मी तेवढंच सांगणार आहे.

याचा सर्वांत चांगला धडा कॅनडातून मिळतो. तिथली हॉकी बर्फावरची. चेंडूऐवजी रबराची चकती, पायात स्केट, एका वेळी सहा खेळाडू, आणि ठरावीक वयानंतर प्रतिस्पर्ध्याला अंगानं धडक देणं नियमात बसणारं. म्हणजे आपल्या हॉकीपेक्षा तिथे शरीराचा भाव चढा. ओंटारिओ, पश्चिम प्रांत आणि क्वेबेक-मॅरिटाइम्स अशा तीन लीग मिळून 'कॅनेडियन हॉकी लीग' होते. त्यात मुख्यतः सोळा ते वीस वयाची मुलं खेळतात. आता विचार करा, मिसरूड फुटत असलेला सोळा वर्षांचा मुलगा आणि दाढी करून आलेला वीस वर्षांचा तरुण एकाच बर्फावर. म्हणूनच वीस वर्षांचे खेळाडू एका संघात तीनच ठेवता येतात. आणि पंधराव्या वर्षी पूर्ण हंगाम खेळायचा असेल, तर 'असामान्य' म्हणून खास मंजुरी लागते. ओंटारिओत २००५ मध्ये ती पहिल्यांदा जॉन टव्हारेसला मिळाली, २०१२ मध्ये कॉनर मॅकडेव्हिडला, आणि पश्चिमेच्या लीगमध्ये २०२० साली कॉनर बेडार्डला.

या लीगमधले दोन संघ घ्या आणि सरासरी वय काढा. एक संघ दुसऱ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा निघाला, तर त्या गावात दणकट पोरं पिकतात असं समजू नका. तिथे क्लबचा व्यवस्थापक ठरवतो, 'यंदा करंडक आपला.' मग पुढच्या वर्षांचे निवडीचे हक्क देऊन टाकतो आणि बदल्यात एकोणीस-वीस वर्षांचे तयार खेळाडू आणतो. दोन वर्षांनी तोच क्लब सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना घेऊन तळाला असतो. सरासरी वय ही त्या व्यवस्थापकाची चाल असते. उंचीच्या सरासरीचीही तीच गत. बचावपटू आणि गोलरक्षक बहुधा उंच निवडतात, आघाडीला लहान चणीची चपळ पोरं चालतात. त्यामुळे तुलना करायचीच तर बचावपटूची बचावपटूशी करा.

ही झाली वरवरची गोष्ट. खरी गोम जन्मतारखेच्या रकान्यात आहे, आणि ती एका प्रेक्षक बाईंच्या नजरेला पडली. अल्बर्टा प्रांतातल्या लेथब्रिज गावात ब्रॉन्कोज संघाचा सामना चालू होता. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली पत्नी पॉला यांच्यासह सामन्याला आले होते. पॉलाबाईंनी माहितीपत्रक चाळलं आणि त्यांच्या लक्षात आलं की खेळाडूंच्या जन्मतारखा जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चमध्येच दाटल्या आहेत. नवऱ्यानं घरी जाऊन आणखी याद्या काढल्या, आणि १९८५ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. क्वेबेकमध्ये ग्रोंदँ आणि त्यांचे सहकारी एक वर्ष आधीच अशाच निष्कर्षाला आले होते. बार्न्सलींचा ढोबळ हिशेब असा: वरच्या दर्जाच्या शंभर खेळाडूंत चाळीस जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले, तीस पुढच्या तिमाहीतले, वीस त्यापुढच्या, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधले जेमतेम दहा.

यात ग्रहमान नाही. कॅनडात हॉकीचा वयोगट ३१ डिसेंबरला बंद होतो. १ जानेवारीला जन्मलेला मुलगा आणि ३१ डिसेंबरला जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. नऊ-दहा वर्षांच्या वयात बारा महिने म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. तेव्हाच निवडक संघांची चाचणी होते. थोडा उंच, थोडा जोरकस, सूचना थोड्या लवकर समजणारा मुलगा घेतला जातो. त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात, बर्फावर जास्त वेळ मिळतो. तीन वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळतो, आणि निवड समिती म्हणते, "बघा, आमची पारख!" २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकामुळे ही गोष्ट जगभर पोचली. त्याच्या सांगण्यात थोडी फोडणी आहे, पण मूळ पदार्थ खरा आहे.

शिवाय शरीराचं घड्याळ वेगळंच चालतं. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, पण कुणाची बाराव्या वर्षी, कुणाची सोळाव्या. म्हणजे कागदावर एकाच वयाची दोन मुलं देहानं तीन-चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात. कॅनडातल्याच सास्काचेवान विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००२ मध्ये एक सूत्र दिलं. उभी उंची, बसल्यावरची उंची, वजन आणि वय एवढ्यावरून मुलगा त्या झपाट्याच्या किती अलीकडे किंवा पलीकडे आहे याचा अंदाज काढता येतो. लागतं काय? एक टेप, एक स्टूल आणि वजनकाटा. क्ष-किरण नको, डॉक्टर नको. सूत्र अचूक नाही, फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्यांच्या बाबतीत चुकतं. पण नुसत्या डोळ्यापेक्षा बरं.

हे अंतर नुसतं निवडीपुरतं राहत नाही, हाडांवरही येतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना अल्बर्टात धडक देण्याची परवानगी होती, क्वेबेकमध्ये नव्हती. २०१० मध्ये दोन्ही प्रांतांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा अल्बर्टातल्या मुलांना दुखापतीचा आणि डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसण्याचा धोका तिपटीहून अधिक दिसला. २०१३ मध्ये हॉकी कॅनडानं त्या वयोगटातली धडक बंद केली. तिथेही ओरड झाली की पोरं मऊ होतील. ती आपल्या ओळखीचीच आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. डिसेंबरची मुलं मागे पडतात इतकंच असतं, तर आपण हळहळून गप्प बसलो असतो. पण पुढे उलटंच घडतं. १९८० ते २००७ या काळात नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक लीगच्या क्लबांनी वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, निवडलेल्या कॅनेडियन खेळाडूंचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले निवडीत ३६ टक्के होते. पण पुढे प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या सामन्यांत त्यांचा वाटा २८ टक्के आणि गुणांत २५ टक्के. जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेले निवडीत ३४ टक्केच होते. सामन्यांत त्यांचा वाटा ४२ टक्के, गुणांत ४४. म्हणजे ज्यांच्या पगारावर आणि अंदाजावर लाखो डॉलर लागलेले असतात, त्या पारख्यांनाही अठरा वर्षांच्या मुलांचं वय आणि गुणवत्ता वेगळी करता येत नव्हती. २०१२ चा आणखी एक अभ्यास सांगतो की ऑल-स्टार आणि ऑलिंपिक संघांपर्यंत पोचता पोचता पहिल्या तिमाहीचं पारडं उलट हलकं होतं.

असं का होतं? मला वाटतं, ज्याला लहानपणी अंगाच्या जोरावर जिंकता येत नाही, तो बाकी सगळं शिकतो. जागा ओळखणं, चकवणं, वेळ साधणं. बाकीच्यांची उंची थांबली की त्याचं शिकलेलं वर येतं. पण त्यासाठी तो तोपर्यंत खेळत राहिलेला असावा लागतो. मार्टिन सें-लुई पाच फूट आठ इंचांचा. ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही घेतलं नाही. २००४ मध्ये तो नॅशनल हॉकी लीगचा सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू आणि सर्वांत मोलाचा खेळाडूही ठरला. त्याच्यासारखी किती मुलं तेराव्या वर्षीच घरी गेली, याची यादी कुठेच छापलेली नसते.

आता आपल्या अंगणात या. आपला प्रश्न कॅनडापेक्षा एका पायरीनं खालचा आहे. तिथे तारीख खरी असून अन्याय होतो, इथे तारखेवरच भरवसा नाही. या सभागृहात १ जूनला वाढदिवस असलेल्यांनी हात वर करा म्हटलं, तर केस पिकलेल्यांपैकी अर्ध्यांचे हात वर जातील. शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजी दाखल्यावर तीच तारीख टाकायचे. तो निरागस काळ होता. पुढे तारीख मुद्दाम सरकवणं सुरू झालं, कारण सतरा वर्षांखालील गटात एकोणीस वर्षांचा मुलगा ढाल आणून देतो. २०१० मध्ये केंद्र सरकारनं वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता केली. क्रिकेटमध्ये सोळा वर्षांखालील मुलांच्या डाव्या मनगटाचा क्ष-किरण काढून हाडाचं वय ठरवतात. चोरी पकडायला हे हवंच. पण हाड म्हणजे जन्मदाखला नव्हे. लवकर वाढणारा प्रामाणिक मुलगा त्यात बाद होऊ शकतो आणि उशिरा वाढणारा चोर सुटू शकतो. आणि हाडाची चाचणी अगदी अचूक झाली तरी जानेवारी-डिसेंबरचं अंतर तसंच राहतं. शालेय स्पर्धांची आपली रेषाही ३१ डिसेंबरचीच आहे, आणि चौदा, सतरा, एकोणीस असे गट मोठे असल्यानं एकाच संघात दोन-तीन वर्षांचं अंतर सहज पडतं.

क्रीडाप्रबोधिनीच्या चाचण्यांत उंची मोजतात, वजन मोजतात, मेडिसिन बॉल फेकायला लावतात, आठशे मीटर पळवतात. त्या चाचण्यांना मी नावं ठेवत नाही, हजारो मुलांतून निवडायचं तर काहीतरी मोजावंच लागतं. पण खडकीच्या हॉकीपटू धनराज पिल्लेंचा बारीक अंगपिंड आठवा. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेल्या या माणसानं तेराव्या वर्षी मेडिसिन बॉल कितीसा लांब फेकला असता?

मित्रहो, दोष आपल्या नजरेचा कमी आणि आपल्यावरच्या दबावाचा जास्त आहे. मुख्याध्यापकांच्या कपाटात यंदाची ढाल हवी असते. पालकांना दहावीचे सवलतीचे गुण हवे असतात. संस्थेला वर्तमानपत्रात फोटो हवा असतो. चौदा वर्षांखालील संघात बारीक पण हुशार मुलगा घेतला आणि पहिल्याच फेरीत हरलो, तर उत्तर आपण द्यायचं. तो मुलगा पाच वर्षांनी राज्याकडून खेळला तर श्रेय भलत्यालाच. या परिस्थितीत कुणीही थोराड मुलगाच निवडेल.

उपाय शोधले गेले आहेत. कॅनडातच नऊ-नऊ महिन्यांचे फिरते गट सुचवले गेले, म्हणजे एकच मूल दरवर्षी लहान ठरणार नाही. चिटणिसांना ते वेळापत्रक बघूनच घाम फुटेल, तेव्हा ते सोडून द्या. इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्यांत अधूनमधून वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळवतात. त्यात बारीक मुलाला पुढारीपण करायला मिळतं आणि दांडगट मुलाला डोकं वापरावं लागतं. हे आपल्याला रविवारी सकाळी सहज जमेल. पण मला सर्वांत आवडलेला उपाय नेदरलँड्समधला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फुटबॉलच्या पारख्यांना मुलांच्या जन्मतारखा नुसत्या सांगून पाहिल्या. त्यांची निवड मोठ्या मुलांकडेच झुकलेली राहिली. मग मुलांना वयाच्या क्रमानं जर्सीचे क्रमांक दिले आणि पारख्यांना तसं सांगितलं. तो कल नाहीसा झाला. क्रमांक सतत डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे समोरचा मुलगा दहा महिन्यांनी लहान आहे हे विसरताच येत नाही. खर्च शून्य.

म्हणून माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. येत्या हंगामातल्या तालुका आणि जिल्हा निवड चाचण्यांत मुलांना जन्मतारखेच्या क्रमानंच बिब द्यावेत, सर्वांत मोठ्याला एक नंबर, सर्वांत लहानाला शेवटचा, आणि निवड समितीला ते आधी सांगावं. आणि चौदा वर्षांखालील चाचणीत वगळलेल्या मुलांची यादी फाडून न टाकता जन्मतारीख, उंची आणि बसल्यावरची उंची लिहून शाळेत ठेवावी, त्यांना सोळाव्या वर्षी पुन्हा एकदा बोलवावं. जिल्हा चिटणीस इथेच बसले आहेत. दुपारच्या सत्रात हा ठराव मांडायला सूचक आणि अनुमोदक पुढे यावेत, अशी विनंती करून मी माझं भाषण संपवते.