उठलेल्या गावाची वाट

  कुणी भाकरी थापत असेल, कुणी हळद निवडत असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे ठेवा.

आज एका सहलीची गोष्ट सांगायची आहे. गटाची सहल म्हटलं की आपण औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जातो, नर्सीला नामदेव महाराजांच्या गावी जातो, फार तर माहूर गडावर. यंदा संक्रांतीचं वाण लुटून झालं आणि आम्ही नऊ जणी निघालो कुठं, तर एका रिकाम्या गावाला. त्या गावात आता माणूस राहत नाही. कोळशाच्या खाणीसाठी ते उठलं. आमच्या गटातल्या एका काकूंचं ते माहेर.

झालं असं की गटाच्या बैठकीत कुणी माहेराहून वाण आणलं, कुणी तिळगुळ आणला. काकू म्हणाल्या, "तुम्ही माहेरी जाता बायांनो, माझं माहेर तर खाणीनं खाल्लं." आधी सगळ्या हसल्या. मग कुणालाच हसू येईना. पंधरा वर्षं झाली, काकूंनी ते गाव पाहिलं नव्हतं. भाऊ पुनर्वसनाच्या वस्तीत राहायला गेला होता, त्याच्याकडे त्या जाऊन यायच्या, पण जुन्या गावाकडे पाऊल वळलं नव्हतं. तिथंच ठरलं, काकूंना माहेरी घेऊन जायचं.

ते गाव यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यात. लांब वाटतं ना? पण पाण्याच्या वाटेनं बघा. आपल्या हिंगोलीची कयाधू पैनगंगेला मिळते. पैनगंगा पुढं जाऊन घुग्घुसजवळ वढा इथं वर्धा नदीला मिळते. आणि त्या वर्धेच्या खोऱ्यात जमिनीखाली कोळसा आहे. म्हणजे आपल्या नदीचं पाणी रोज त्या मुलखातून वाहतं. आपल्याकडे विहीर खोदली तर काळा पाषाण लागतो, तो ज्वालामुखीच्या लाव्हाचा. तिकडं खाली त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं गाळाखाली दबली, त्यांचा तो कोळसा झाला.

नांदेडहून किनवट, आदिलाबादवरून वणीला रेल्वे जाते, तिनं गेलो. रात्री काकूंच्या भावाकडं मुक्काम केला. वस्ती चांगली आखलेली, सरळ रस्ते, सिमेंटची घरं. भावजयीनं ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी केली, आणि सकाळी स्वतः वाट दाखवायला सोबत निघाली. एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. खाणीच्या भागात कुणीही मनानं फिरायला जाऊ नये. भावानं आधी चौकशी केली होती, चालू खाण कुठल्या बाजूला आहे, सुरुंग कधी उडवतात, कुठल्या वाटेनं जाता येतं. जुन्या खड्ड्यांत पाणी साठलेलं असतं, कडा ढासळतात. जुन्या भुयारी खाणी असतील तिथं वरून जमीन चांगली दिसते आणि आत पोकळ असते. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक आख्खं घर जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पळाली म्हणून वाचली.

तर सकाळी सातला निघालो. दीड तासाची चाल. प्रत्येकीजवळ पाण्याची बाटली, पदरात भाकरी-ठेचा. पहिला अर्धा तास डांबरी रस्ता, कोळशाचे ट्रक जातात तो. रस्त्याकडेच्या कपाशीच्या पानांवर काळी धूळ बसलेली. एकीनं बोंड हातात घेतलं तर बोटं काळी झाली. मग पायवाट लागली. विलायती बाभूळ, घाणेरी, वाळलेला तरोटा. समोर डोंगर दिसायला लागला. आम्ही म्हटलं, इथं डोंगर कुठून आला? भावजय म्हणाली, "तो डोंगर नाही, खाणीतून काढलेली माती आहे. आमच्या वावरातलीच."

उघडी खाण म्हणजे काय ते तिथं समजलं. कोळसा खाली असतो, त्याच्यावर माती, मुरूम, दगड. ते सगळं आधी काढून बाजूला टाकायचं, मग कोळसा उचलायचा. जी काळी माती आजोबांनी, पणजोबांनी शेणखत घालून कसली, ती सगळ्यात आधी निघते आणि ढिगाऱ्यात जाते.

गावाची शीव ओलांडली तेव्हा काकू पुढं झाल्या. वाट त्यांना कुणी सांगावी लागली नाही. "हा पार. इथं पोळ्याला बैलं उभी राहायची. हा हातपंप. ही शाळा." पारावरचा लिंब अजून हिरवा आहे. शाळेच्या भिंतीवर बाराखडीची अर्धी ओळ उरलीय. घरांना दारं नाहीत, छप्परं नाहीत. गाव सोडताना लोकांनी दारं-खिडक्या, लाकडं, पत्रे, चांगल्या विटासुद्धा काढून नेल्या. जे नेता आलं नाही तेवढंच मागं राहिलं. मारुतीच्या देवळाजवळची विहीर पाहिली, कोरडीठाक. शेजारी खाणीचा खड्डा खोल गेला आणि त्यातलं पाणी पंपानं सतत उपसत राहिलं की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खाली जातं. भावजय सांगत होती, गाव उठायच्या आधी दोन उन्हाळे या विहिरीला पाणी नव्हतं. सुरुंगाच्या हादऱ्यानं भिंतींना भेगा पडल्या होत्या. "गाव एका दिवसात उठत नाही वं माय, आधी विहीर उठते, मग भिंत, मग माणूस."

काकूंचं घर म्हणजे तीन भिंती आणि मधी वाढलेली बाभूळ. काकू आत गेल्या, खाली बसल्या आणि हातानं पालापाचोळा बाजूला करायला लागल्या. आम्हाला कळेना काय शोधतात. पाचोळ्याखालून दगडी उखळ निघालं, जमिनीत पुरलेलं. जातं नेलं होतं, पाटा नेला होता, उखळ काढता आलं नव्हतं. काकूंच्या आईनं त्यात तिखट कांडलं होतं, लग्नाची हळद कांडली होती. काकूंनी कनवटीची हळदकुंकवाची पुडी सोडली आणि उखळाला लावलं. आम्ही नऊ जणी उभ्या होतो, एक शब्द निघाला नाही.

मग लिंबाखाली बसून भाकरी खाल्ली. तिथं काकूंनी भावजयीला विचारलं, "वहिनी, या घराच्या कागदावर माझ्या आईचं नाव होतं का वं?"

वहिनी म्हणाल्या, "नव्हतं. माझंही नव्हतं."

मैत्रिणींनो, आजची गोष्ट आहे ती इथून पुढं.

खाण येते तेव्हा आधी कागद येतो. कोळशाच्या जमिनीसाठी 1957 सालचा वेगळा कायदा आहे. सरकारच्या राजपत्रात जाहिरात निघते आणि हरकत घ्यायला 30 दिवस मिळतात. राजपत्र आपल्यापैकी कुणी पाहिलंय? मग मोबदल्याचा हिशेब होतो तो सातबाऱ्यावरच्या नावानं. नोकरीचंही तसंच. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असा हिशेब आहे. ज्याचं नाव कागदावर, त्याच्याशी बोलणी. वहिनी त्या वावरात लग्न होऊन आल्यापासून राबल्या. निंदलं, खुरपलं, कापूस वेचला. दुसऱ्याच्या वावरात वेचणीला गेल्या तर किलोवर मजुरी मिळायची, ती त्यांच्या हातात यायची. गाव उठलं तसं ते सगळं बंद झालं. त्या म्हणाल्या, "मोबदला आला. घर बांधलं, पोराचं लग्न झालं, गाडी आली. वाईट नाही झालं. पण आता मिठाची पुडी आणायची तरी यांच्यापुढं हात पसरावा लागतो. माझी मजुरी कुणी मोजलीच नाही." आणि खाणीत बाईनं काम करावं तर 1952 च्या खाण कायद्यानं जमिनीखालच्या कामाला बायकांना बंदी होती. 2019 साली ती अट सैल झाली, बाईची लेखी संमती घेऊन काम देता येतं. पण वहिनींच्या वयाच्या, शेतीचंच काम येणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

आणि काकू? काकूंनी त्या वेळी हक्कसोडपत्रावर सही केली होती. सही केली नाही तर पैसा अडकेल, असं सगळे म्हणाले. साडीचोळी झाली, जेवण झालं, सही झाली. खरं म्हणजे 2005 पासून हिंदू वारसा कायद्यानं मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा आहे. काकूंना ते कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. आज त्यांची भावाशी भांडायची इच्छा नाही. भाऊ येताना रेल्वेपर्यंत सोडायला आला, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. काकू एवढंच म्हणाल्या, "मी दिलं असतं गं भावाला. पण काय देतेय ते मला माहीत पाहिजे होतं."

परत येताना गाडीत गप्पा कमीच झाल्या. वरोऱ्याची गोष्ट मात्र आम्ही एकमेकींना सांगितली. वणीच्या पलीकडं, चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा आहे. इंग्रजांनी तिथं 1870 च्या दशकात कोळशाची खाण चालवायला घेतली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे नेली, आणि 1906 साली खाण बंद झाली. खाण कायमची कुठंच नसते. कोळसा संपतो, आग लागते, परवडेनासं होतं. आणि कोळसा काय आपल्याला परका आहे का? चंद्रपूरला 2920 मेगावॅटचं वीजकेंद्र कोळशावर चालतं. आपल्या पिठाच्या गिरणीला, विहिरीवरच्या मोटारीला, हळदीच्या पल्व्हरायझरला लागणारी वीज अशाच केंद्रांतून येते. वीज आपल्यालाही पाहिजे. म्हणून आम्ही खाण चांगली का वाईट यावर आज बोलत नाही. ज्याचं गाव जातं, त्या घरातल्या बाईचं नाव कुठं असतं, एवढंच विचारतोय.

हिंगोलीत खाण नाही, म्हणून आपल्याला काय, असं म्हणू नका. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही धरणं झाली तेव्हा गावं उठलीच ना? आपल्या गटांत पुनर्वसित गावांतल्या सुना-लेकी आहेत. पुढंही रस्ते होतील, तलाव होतील, मोठे प्रकल्प येतील.

परत आल्यावर पुढच्या बैठकीत आम्ही बचतीच्या वहीबरोबर घरचे कागद आणायला सांगितले. सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ. बारा जणींचे कागद वाचले. तिघींची नावं निघाली. त्यातल्या दोघी विधवा, वारस म्हणून नाव लागलेलं. उरलेल्या नऊ जणींत हे बोलणारी तुमची समन्वयक ताईपण होती. गावोगाव फिरून बायकांना हक्क सांगतो आम्ही, बीए झालो, आणि आमच्याच घराच्या कागदावर आमचं नाव नाही! त्या दिवशी मान खाली गेली.

तर आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. घराचं आधी बघा. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावावं असा 2003 सालचा शासन निर्णय आहे. ग्रामपंचायतीत दोघांच्या सहीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. शेताचं म्हणाल तर 1992 च्या लक्ष्मीमुक्ती योजनेप्रमाणे नवऱ्यानं अर्ज दिला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठ्याकडं विचारा. आणि माहेरच्या कुठल्याही कागदावर सही करायची असेल तर तो आधी घरी आणा, गटात वाचा, मग ठरवा. वाटा सोडायचा तर खुशाल सोडा, पण समजून सोडा. अडलं तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

घरी हा विषय काढला की काय होतं तेही सांगतो. एका भाऊजींनी विचारलं, "नाव लावून कुठं पळून चालली का?" त्या ताई म्हणाल्या, "पळायचं असतं तर वीस वर्षांपूर्वीच पळाले असते. इथंच राहायचंय म्हणून नाव लावायचंय." भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी आधार कार्डाची झेरॉक्स काढून आणली. आतापर्यंत आमच्या नऊ जणींपैकी पाच जणींचे अर्ज गेलेत. एकीचा दोनदा परत आला, तिनं तिसऱ्यांदा दिला.

काकूंचं माहेर आता परत येणार नाही. पण मागच्या आठवड्यात काकूंनी स्वतःच्या सुनेला शेजारी बसवलं, घराचा कागद तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "वाच, आणि माझं नाव लागलं की खाली तुझंही लावायचं बघू."

तुमच्या गटात हे कागद वाचले की आम्हाला कळवा. किती जणींची नावं निघाली, ते पुढच्या वेळी इथं सांगू. आता चुलीकडं बघा, भाकरी करपली असेल. नमस्कार.